चार हातांची नौका

उतारवयात घर सोडून नावेत राहावयास जाण्याची कल्पना आपल्याकडे कोणी मांडली, तर घरातील मंडळी प्रथम त्यांच्या प्रकृतीची चौकशी करतील. इंग्लंडमध्ये मात्र दुकान किंवा नोकरी आवरल्यावर साठीतील पुष्कळ जोडपी हा बेत गांभीर्याने आखतात. समुद्र ओलांडण्याचे साहस त्यात नसते. दोनअडीचशे वर्षांपूर्वी खोदलेल्या कालव्यांतून, चालत्या माणसाच्या गतीने फिरत राहावयाचे, एवढाच तो बेत.

हे कालवे सहलीसाठी खोदलेले नाहीत, ते व्यापाराचे अपत्य आहेत. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याने आपल्या खाणीतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा बांधविला. १७६१ मध्ये तो सुरू झाला आणि त्या शहरातील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. जोसाया वेजवूड या कुंभकाम-व्यावसायिकाची अडचण निराळी होती. खाचखळग्यांच्या रस्त्याने चिनी मातीची भांडी फुटत. त्याने पुढाकार घेतलेला ट्रेंट अँड मर्सी कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. पुढे आगगाडी आली आणि मालवाहू नावांचे दिवस सरत गेले. आज यांपैकी सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते.

व्यापारी हिशेबाने बांधलेल्या या मार्गाचे माप आजही प्रवाशाला सोडीत नाही. पुष्कळ ठिकाणी लॉकची रुंदी जेमतेम ७ फूट, म्हणून नावेची रुंदी ६ फूट १० इंच. लांबी पन्नास-साठ फूट असली तरी आतला संसार आगगाडीच्या डब्यातील बोळासारखाच. एक स्वयंपाकघरात उभा असला की दुसऱ्याने अंग चोरून जावयाचे. चाळीस वर्षे एक जण पेढीवर आणि एक जण घरात, अशी विभागणी असलेल्या पती-पत्नींना ही जवळीक पहिल्या महिन्यात जड जाते, असे मानून चालावे.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दारांमधल्या हौदात नाव घ्यावयाची, मागचे दार लावावयाचे आणि पाणी सोडून किंवा काढून तिला वरच्या अथवा खालच्या पातळीवर न्यावयाचे. एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने लोखंडी हँडल घेऊन काठावर उतरावे, झडपा उघडाव्यात आणि दाराचा अवजड लाकडी दांडा पाठीने रेटावा. एकट्याने हे करता येते, पण वेळ दुप्पट लागतो आणि ओल्या दगडावर पाय घसरण्याची भीती वाढते. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल येथे सुमारे दोन मैलांत असे २९ लॉक आहेत. तेवढे चढून जावयास पाच-सहा तास सहज लागतात.

म्हणून ज्या जोडप्याला हे आयुष्य हवे आहे, त्याने पैशाचा हिशेब मांडण्याआधी हातांचा हिशेब मांडावा. पैशाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षिततेची तपासणी, काही वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून तळाला द्यावयाचा काळा लेप, डिझेल आणि थंडीतला कोळसा. घराची किंमत बहुधा वाढते, नावेची बहुधा उतरते. राहते घर विकून नाव घेणाऱ्याने परतीचा रस्ता स्वतःच अरुंद केलेला असतो. पहिली एक-दोन वर्षे घर भाड्याने देणे शहाणपणाचे. शौचालयाची टाकीही आपल्याच हातांनी नेमल्या जागी रिकामी करावी लागते. बेताच्या चर्चेत हा विषय सहसा सर्वांत शेवटी निघतो, तो प्रथम निघावा.

ज्यांच्याकडे नाव बांधण्यास हक्काची जागा नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. पंचविशीत हा नियम मौजेचा वाटेल. पंचाहत्तरीत डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी ठरली, तर त्याच नियमाचा अर्थ बदलतो. आजारपणासारख्या कारणास्तव मुदत वाढवून मिळू शकते. ती मागण्याची वेळ येण्यापूर्वी मुलाचा वा भावाचा कायम पत्ता आणि धक्क्यावरील एखादी जागा हाताशी असणे बरे.

या प्रश्नाची दुसरी बाजू टिमोथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स या नट-दांपत्याने ब्रिटनमधील प्रेक्षकांना दाखविली. प्रुनेला म्हणजे ‘फॉल्टी टॉवर्स’ मालिकेतील हॉटेलमालकाची करारी पत्नी. दोघांचा विवाह १९६३ चा. निवृत्तीची वाट न पाहता, मुले लहान असतानाच त्यांनी कालव्यांवर सुट्ट्या घालविण्यास आरंभ केला. रेडिंग ते ब्रिस्टल जोडणारा केनेट अँड अॅव्हन कालवा अनेक वर्षे नादुरुस्त होता. स्वयंसेवकांच्या खटपटीने तो १९९० मध्ये पुन्हा खुला झाला, तेव्हा संपूर्ण लांबीचा प्रवास करणाऱ्या पहिल्या मंडळींत हे दोघे होते.

२०१४ मध्ये त्यांच्या जलप्रवासाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, त्या वेळी दोघेही ऐंशीच्या आसपास होते आणि प्रुनेलाबाईंना स्मृतिभ्रंश जडलेला होता. तो त्यांनी लपविला नाही. काल कोठे होतो हे त्यांना आठवत नसे, पण समोरचा पूल, काठावरची झाडे, हातातला दोर यांत त्यांचे मन रमे. वेस्ट सुकाणू धरीत आणि त्यांना विसर पडलेले शांतपणे पुन्हा सांगत. चाळीस वर्षे अंगवळणी पडलेली कामे आठवणीच्या आधी हातांना सुचतात, हे पडद्यावर पाहणाऱ्यांनाही कळत होते. साठीनंतर प्रथमच दोर हाती घेणाऱ्याला ही शिदोरी मिळत नाही. म्हणून वर्षातून एक आठवडा भाड्याची नाव घेऊन पन्नाशीतच सराव करावा आणि प्रत्येक वेळी सुकाणू व काठ यांची अदलाबदल करावी. बहुतेक जोडप्यांत पुरुष सुकाणू धरून बसतो आणि पत्नी दारे रेटते. बळाचा विचार केला तर ही वाटणी उलटीच हवी.

मालिका लोकप्रिय असतानाच, प्रकृतीकडे पाहून दोघांनी तिचा निरोप घेतला आणि सूत्रे दुसऱ्या जोडीकडे गेली. वेस्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तले. प्रुनेलाबाई त्यानंतर सुमारे वर्षभर, ऑक्टोबर २०२५ पर्यंत, लंडनमधील आपल्या घरी होत्या. नाव त्यांनी मनापासून चालविली, पण ते घर विकले नव्हते.