एकत्र कुटुंब नव्हते, तेव्हा म्हाताऱ्यांना कोण सांभाळत होते? पीटर लॅस्लेट यांच्या कामाची ओळख

वृद्धांच्या प्रश्नावर कुठेही चर्चा सुरू झाली की पहिले वाक्य ठरलेले असते. पूर्वी एकत्र कुटुंबे होती, म्हाताऱ्या माणसांची आबाळ होत नव्हती, आता सगळे बिघडले. निवृत्तीवेतनाच्या अर्जांचे काम करताना हे वाक्य मी वारंवार ऐकते. गंमत म्हणजे ज्यांच्या दोन पिढ्यांत एकत्र कुटुंब कधी टिकलेच नाही, अशी माणसेसुद्धा ते तितक्याच खात्रीने बोलतात. इंग्लंडमध्येही १९६० पर्यंत असेच मानले जात असे. कारखाने आले, शहरे वाढली आणि मोठी कुटुंबे फुटली, ही तिकडची सर्वमान्य गोष्ट होती. ती जुन्या नोंदींवर घासून पाहण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पीटर लॅस्लेट यांचे नाव पहिले घ्यावे लागते. पुढे हेच इतिहासकार वृद्धांच्या हक्काचे आणि प्रतिष्ठेचे मोठे पुरस्कर्ते झाले.

लॅस्लेट यांचा जन्म १९१५ चा. केंब्रिजमध्ये इतिहास शिकले. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना त्यांनी जपानी भाषा शिकून शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केले. युद्धानंतर काही वर्षे बीबीसी रेडिओवर निर्माते होते आणि १९५३ पासून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. त्यांची पहिली कीर्ती मात्र वेगळ्याच कारणाने झाली. जॉन लॉक या विचारवंताचा राज्यशासनावरचा प्रसिद्ध ग्रंथ १६८८ च्या क्रांतीचे समर्थन करण्यासाठी नंतर लिहिला गेला, असे मानत. तो त्याआधीच बराचसा लिहून झाला होता, हे लॅस्लेट यांनी दाखवले.

लॉकने ज्याचे खंडन केले तो रॉबर्ट फिल्मर म्हणत असे की राजाची सत्ता ही बापाच्या घरातल्या सत्तेसारखी आहे. फिल्मरचे लेखन संपादित करताना लॅस्लेट यांना साधा प्रश्न पडला. ज्या कुटुंबाचा दाखला देऊन राजसत्ता उभी केली जात होती, ते कुटुंब प्रत्यक्षात कसे होते? घरात किती माणसे राहत होती? हे कोणी मोजलेलेच नव्हते.

उत्तर नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लेवर्थ नावाच्या खेड्यात मिळाले. तिथल्या पाद्र्याने १६७६ मध्ये आणि पुन्हा १६८८ मध्ये गावातल्या प्रत्येक घराची, घरातल्या माणसांची यादी लिहून ठेवली होती. गाव चारशे माणसांचे. बारा वर्षांनंतरच्या यादीत पहिल्या यादीतली सुमारे ६० टक्के माणसे नव्हती. काही मेली होती, पण कितीतरी गाव सोडून गेली होती. पिढ्यानपिढ्या एकाच मातीत, एकाच छपराखाली नांदणारे खेडे हे चित्र एका वहीने विस्कटले.

१९६४ मध्ये टोनी रिग्ली यांच्यासोबत लॅस्लेट यांनी केंब्रिजमध्ये लोकसंख्या आणि समाजरचनेच्या इतिहासाचा अभ्यासगट सुरू केला. देशभरच्या चर्चमधल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या वह्या उतरवून काढणे चार-दोन प्राध्यापकांच्या आवाक्यातले नव्हते. ते काम शेकडो स्थानिक हौशी अभ्यासकांनी, पगाराशिवाय केले. अशा ४०४ परगण्यांच्या नोंदींवर पुढे इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास लिहिला गेला. १९६५ चे ‘द वर्ल्ड वुई हॅव लॉस्ट’ हे लॅस्लेट यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या शंभर गावांच्या याद्या तपासल्यावर घरातल्या माणसांची सरासरी निघाली ४.७५. आई-बाप-मुलांपलीकडचा नातेवाईक दहातल्या एखाद्याच घरात राहत होता. मुलींची लग्ने साधारण चोविसाव्या वर्षी, मुलांची सत्ताविशीच्या आसपास, आणि लग्नानंतर बहुतेक जोडपी वेगळे घर मांडत. शेक्सपिअरच्या नाटकातली तेरा वर्षांची ज्युलिएट वाचून त्या काळातल्या लग्नाचे वय ठरवू नका, असे त्यांचे सांगणे होते.

कोणी म्हणेल, त्या काळी माणसे म्हातारी होण्याआधीच मरत असतील, मग प्रश्न कुठला? तसे नव्हते. साठीच्या पुढची माणसे इंग्लंडच्या लोकसंख्येत तेव्हाही साधारण ६ ते १० टक्के होती. भारताच्या २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ८.६ टक्के आहे. म्हणजे म्हातारी माणसे होती, त्यांत विधवा बऱ्याच होत्या, आणि मुले आपापल्या चुलीपाशी किंवा दूर कुठे चाकरीला. मग सांभाळत कोण होते?

लॅस्लेट यांचे याचे उत्तर मला त्यांच्या सगळ्या कामात मोलाचे वाटते. ते म्हणत, जिथे रीतच वेगळे घर मांडण्याची असते, तिथे आजारपण, वैधव्य, म्हातारपण आले की एकेकटे कुटुंब कोसळते. त्या घराच्या मदतीला आप्तांचा गोतावळा पुरत नाही, म्हणून समाजाला सामूहिक व्यवस्था उभारावीच लागते. इंग्लंडमध्ये ती १६०१ च्या गरीब कायद्याने उभी होती. प्रत्येक परगण्यात मालमत्ताधारकांकडून कर घ्यायचा आणि त्यातून निराधारांना द्यायचे. कितीतरी म्हाताऱ्या विधवांना आठवड्याला रोख रक्कम, कधी घरभाडे, कधी जळण मिळे. मुलांनी आईबापाला पोसावे, असे कलम त्याही कायद्यात होते. पण मुलगाच हातावर पोट असलेला मजूर, तर कलम काय कामाचे?

ही व्यवस्था दयाळू होती असे समजू नये. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्याच्या खांद्यावर ‘पी’ अक्षराचा कपड्याचा तुकडा शिवण्याची सक्ती केली, गरीब म्हणून ओळख पटावी यासाठी. मदत द्यायची आणि मान काढून घ्यायचा, ही तऱ्हा कुठल्याच एका देशाची मक्तेदारी नाही. १८३४ नंतर तर गरिबांना कामगृहात डांबण्याकडे कल गेला. सन्मानाने मिळणारे सरकारी वृद्धापवेतन यायला १९०९ उजाडले. तेव्हा ते सत्तरीनंतर, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग होते.

भारताला हे जसेच्या तसे लागू होत नाही. इथली कुटुंबरचना वेगळी आहे. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एक चूल यांच्या जोडीला समाईक मालमत्ताही सांगितली होती. हा मुद्दा आपण फार सहज विसरतो. ज्यांच्याकडे वाटायला जमीन नव्हती, त्यांना एकत्र ठेवणारा दोर कुठला होता? मुलगा मुंबईच्या गिरणीत, सून बांधकामावर, म्हातारी गावाकडे, हे आपल्या किती घरांचे चित्र आहे! अ. म. शहा यांनी गुजरातमधल्या राधवाणज गावाच्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदी वाचल्या आणि एकत्र कुटुंबे पूर्वी सरसकट होती, आता सरसकट मोडली, ही समजूत इथेही टिकत नाही हे दाखवले. तरी आपले धोरण त्याच समजुतीवर बेतलेले आहे. २००७ चा कायदा आधी मुलांकडे बोट दाखवतो. केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धाला महिना २०० रुपये. राज्याची रक्कम धरून आता १,५०० होतात, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत दाखवावे लागते. आणि योजनेला नाव काय, तर श्रावणबाळ. पैसा लोकांच्या करातला, नाव कावड वाहणाऱ्या मुलाचे.

लॅस्लेट यांचे पुढचे काम याच अभ्यासातून निघाले. आजवरच्या इतिहासात इतकी माणसे इतकी वर्षे धडधाकट कधी जगलीच नव्हती, हे त्यांना आकड्यांतून दिसत होते. पंचविशीतल्या माणसाला सत्तरी गाठण्याची निम्म्याहून अधिक शक्यता असणे, ही अवस्था पश्चिमेतही विसाव्या शतकातलीच. १९८९ च्या ‘अ फ्रेश मॅप ऑफ लाइफ’ या पुस्तकात त्यांनी आयुष्याचे चार टप्पे मांडले. पहिला शिकण्याचा आणि परावलंबनाचा, दुसरा कमावण्याचा आणि जबाबदारीचा, तिसरा स्वतःला हवे ते करण्याचा, आणि चौथा अखेरच्या परावलंबनाचा. हे टप्पे वाढदिवसावर ठरत नाहीत, असे ते आवर्जून सांगत. तिसऱ्या टप्प्यातल्या माणसाला चौथ्या टप्प्याचा समजून बाजूला बसवणे हा त्यांना अन्याय वाटे.

केवळ लिहून ते थांबले नाहीत. फ्रान्समध्ये तुलूझ इथे १९७३ मध्ये ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू झाले होते. ते खऱ्या विद्यापीठाच्या आश्रयाने चाले. १९८१-८२ मध्ये लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी ब्रिटनमध्ये ती कल्पना उलटी केली. मिडविंटर हेही सामाजिक इतिहासकार होते आणि त्या वेळी वृद्धांच्या धोरणावर काम करणाऱ्या संस्थेचे संचालक. इमारत नाही, परीक्षा नाही, पदवी नाही, पगारी प्राध्यापक नाहीत. ज्याला जे येते ते त्याने शिकवायचे, आणि शिकवणाऱ्यानेही दुसऱ्या गटात शिकायला बसायचे. त्याची उद्दिष्टे आणि तत्त्वे लॅस्लेट यांनीच लिहून काढली. चर्चच्या वह्या उतरवणाऱ्या हौशी माणसांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला हे सुचणे स्वाभाविक होते. मिडविंटर रेडिओवर बोलले आणि शेकडो पत्रे आली. आज ब्रिटनभर असे हजाराच्या आसपास गट आहेत.

या मांडणीवर टीकाही झाली, आणि ती योग्य आहे असे माझे मत आहे. तिसरा टप्पा अनुभवायला निवृत्तीवेतन लागते, बरी तब्येत लागते. चाळीस वर्षे विटा किंवा ऊस वाहिलेल्या बाईचा दुसरा टप्पा शरीर थकल्यावरच संपतो आणि ती थेट चौथ्यात जाते. दुसरे असे की, तिसऱ्या वयाला उजळ करताना म्हातारपणाचा सगळा कलंक चौथ्या वयावर ढकलला जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल लॅस्लेट यांच्या पुस्तकात तो काळ शक्य तितका आखूड व्हावा, यापलीकडे फारसे हाती लागत नाही. मात्र पैशाचा प्रश्न त्यांनी टाळला असे म्हणता येणार नाही. देशातल्या मोठ्या संख्येकडे पुरेशी साधने असल्याशिवाय तिसरे वय अवतरत नाही, हे त्यांनीच लिहिले होते.

‘अ फ्रेश मॅप ऑफ लाइफ’ आले तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. त्यानंतर १९९२ मध्ये जेम्स फिशकिन यांच्यासोबत त्यांनी वेगवेगळ्या पिढ्यांमधल्या न्यायावरचा एक ग्रंथ संपादित केला. जगणाऱ्यांनी अजून न जन्मलेल्यांचे काय देणे लागते, हा त्यातला प्रश्न. भविष्याचे विश्वस्त होण्याइतका मोकळा वेळ म्हाताऱ्यांकडेच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २००१ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी ते वारले.