माती हातातली आणि माती पडद्यावरची

मंडळी, श्रावणात रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या एखाद्या मूर्तीकारखान्यात डोकावून पाहा. शाडूची माती मळलेली असते, साच्यातून काढलेल्या मूर्ती सावलीत वाळत असतात आणि एखादा जुना कारागीर डोळ्यांची आखणी करीत बसलेला असतो. ज्या मूळ मूर्तीवरून साचा काढायचा, ती मूर्ती आता संगणकावरही घडवता येते. मग हाताची कला संपली की काय?

आधी संगणकाचे काम चालते कसे, ते पाहू. पडद्यावर एक गोळा दिसतो. तो मातीचा नसतो. असंख्य बिंदू रेषांनी जोडून विणलेले ते जाळे असते. हातातल्या विजेच्या लेखणीने जाळे ओढले की उंचवटा येतो, दाबले की खळगा पडतो. अर्धा चेहरा घडवला की उरलेला अर्धा आपोआप उमटवता येतो. चूक झाली तर एक कळ दाबून मागे येता येते. शेवटी त्रिमिती छपाईचे यंत्र थरावर थर देत ती मूर्ती प्रत्यक्षात उभी करते.

हाताच्या कामात ही सवलत नाही. ओली माती घाईने उन्हात ठेवली तर तडकते. आत सांगाडा नसेल तर पुढे काढलेला हात वजनाने लोंबतो. दगडाची उडालेली कपची तर पुन्हा बसतच नाही! पण ही अडचणच तोल शिकवते. पडद्यावरच्या मातीला वजन नसते. तिथे तोलाचे भान विसरले, तर छापून निघालेली मूर्ती आडवी होते.

दोन्ही पद्धतींचा मेळ पाहायचा असेल, तर नर्मदेकाठी २०१८ साली उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा पाहा. त्याचे शिल्पकार राम सुतार हे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. त्यांनी आधी लहान नमुने केले, मग ३० फुटांचा केला. त्याचे मोजमाप संगणकाने टिपले आणि त्यावरून पुतळ्याचे कांस्याचे भाग ओतले गेले. हिशेब करा, ही वाढ सुमारे वीसपट झाली. म्हणजे नमुन्यात एका बोटाची चूक राहिली असती, तर पुतळ्यात ती वीस बोटांची झाली असती. यंत्र वाढवते ते हाताने घडवलेलेच; गुणही आणि दोषही.

म्हणून गुरुजी, शाळेत संगणक आला म्हणून मातीकामाचा तास बंद करू नका. यंदा बेंदराला किंवा पोळ्याला मुलांकडून मातीचा बैल करून घ्या. तो चार पायांवर उभा राहतो का, पाहा. पडलाच, तर का पडला, ते मुलांनाच विचारा. ज्याला हे उत्तर सापडेल, त्याच्या हाती पुढे लेखणी खुशाल द्यावी.