अब्ज डॉलरची नोंदवही

कॅनडात बंदुकांच्या नोंदणीचा विषय निघाला की बोलणं पहिल्यांदा पैशांवर येतं. माझी सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली, तरी मी सांगेन की या प्रकरणात आकड्यांनीच लोकांची दिशाभूल केली.

६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकाने रुगर मिनी-१४ रायफल घेऊन चौदा जणींचा जीव घेतला, केवळ त्या स्त्रिया होत्या म्हणून. पिस्तुलांची नोंद १९३४ पासून होतीच; या हत्याकांडानंतर आलेल्या १९९५ च्या कायद्याने रायफली आणि शॉटगनचीही सक्तीची झाली. खर्च ११९ दशलक्ष डॉलर, शुल्कातून ११७ दशलक्ष परत, म्हणजे तिजोरीवर भार फक्त २ दशलक्षांचा, असं सांगितलं गेलं. डिसेंबर २००२ मध्ये महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी दाखवून दिलं की २००४-०५ पर्यंत खर्च एक अब्जावर जाणार. काही प्रांतांनी अंमलबजावणीच नाकारली होती, लोकांनी नोंद करावी म्हणून शुल्क माफ झालं होतं, संगणकप्रणाली सारखी बदलत होती. संसदेला अंधारात ठेवलं, हा फ्रेझर यांचा मुख्य आक्षेप होता आणि तो रास्तच होता. पण त्या अब्जात मालकांच्या परवान्यांचाही खर्च होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

सस्कॅचेवान प्रांतात राहिल्यामुळे विरोधकांचं म्हणणंही मला कळतं. वासरांवर टपलेल्या कायोटींसाठी घरात रायफल ठेवणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याकडे गुन्हेगार म्हणून पाहतात, हे फार लागलं होतं.

तरीही नोंदवही मोडायची वेळ आली तेव्हा मोठा खर्च होऊन गेला होता. रायफलींची नोंद बंद केली तर वर्षाला वाचणार होते जेमतेम १ ते ४ दशलक्ष. २०१२ मध्ये पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने ती बंद केली, वर जमलेल्या नोंदीही नष्ट करायला लावल्या. क्युबेकने आपल्या प्रांतापुरत्या मागितल्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला आणि पुढे स्वतःची नोंदणी त्याला नव्याने उभारावी लागली.

परवाना आजही लागतो. त्यामुळे घरातल्या मारहाणीची तक्रार आली तर नवऱ्याकडे परवाना आहे एवढं पोलिसांना कळतं. साध्या रायफली दोन की दहा, हे क्युबेकबाहेर कळत नाही. मे २०२० मध्ये सुमारे दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी आली, त्यात मिनी-१४ सुद्धा होती. भरपाई देऊन त्या परत घ्यायच्या असं सरकारने ठरवलं, पण क्युबेकबाहेर मिनी-१४ कुणाकडे आहे, हे मालक आपणहून सांगेल तेव्हाच कळणार.