नवं सेमिस्टर सुरू होताना मोबाइलमध्ये काय असावं?

सांडोरमधून आणि आजूबाजूच्या गावांतून आलेले विद्यार्थी, आणि खरं तर त्यांच्याहून जास्त संख्येने आलेले पालक, सगळ्यांचं स्वागत. बाहेर पाऊस आहे, तरी खुर्च्या भरल्यात. म्हणजे विषय गरजेचा आहे असं आम्ही समजतो.

विषय दिला होता 'विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त तंत्रज्ञान आणि अ‍ॅप्स'. तयारीला बसलो तेव्हा आम्ही आधी यादी केली. ती तीसच्या वर गेली. मग प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिला, की हे नसेल तर मुलाचं सेमिस्टर अडेल का? यादी एकदम आटली. आणि एक गोष्ट लक्षात आली. सेमिस्टर अडतं ते बहुतेक वेळा अ‍ॅप नाही म्हणून नव्हे, तर अ‍ॅपमध्ये आपलं नाव चुकीचं आहे म्हणून. त्यामुळे आज सुरुवात नावापासून करू. अभ्यासाकडे नंतर येतो, घाई करू नका.

आपल्या वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. आडनावं त्या काळातली, मराठीत ती कानाला ऐकू आली तशी लिहिली गेली, आणि इंग्रजीत शाळेत नाव घालताना ज्याने जशी लिहिली तशी राहिली. रॉड्रिग्जच्या शेवटी कुणाकडे एस आहे, कुणाकडे झेड. लोपीसचं तेच. डिसोझा लिहिताना एका कागदावर डी नंतर अपॉस्ट्रॉफी, दुसऱ्यावर जागा सोडलेली, तिसऱ्यावर सगळं जोडून. सख्ख्या भावांची आडनावं दोन स्पेलिंगची असलेली घरं आपल्याकडे शोधावी लागत नाहीत. कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाला कळतं की हा एकच मुलगा आहे. संगणकाला ही तीन वेगळी माणसं दिसतात.

हे फक्त ख्रिस्ती घरांचं दुखणं आहे असंही नाही. चौधरी इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते मोजून पाहा. शिवाय क्रमाचा घोळ आहेच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मात्र स्वतःचं नाव आधी, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं.

आता हे आजच का सांगतोय? युजीसीने जुलै २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. सोप्या भाषेत, ही गुणांची नव्हे, श्रेयांकांची बँक. प्रत्येक सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट मिळतात, ते विद्यापीठ तुमच्या नावाच्या खात्यात जमा करतं. त्या खात्याचा १२ अंकी नंबर असतो, त्यालाच आता अपार आयडी म्हणतात. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स अशी सोय आहे. मध्येच नोकरीसाठी थांबलात, कॉलेज बदललंत, तरी क्रेडिट जिवंत राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. पण हा सगळा डोलारा एका नंबरवर आणि तो नंबर आधारवरच्या नावावर उभा आहे. कॉलेजच्या नोंदीत एक नाव आणि आधारवर दुसरं, की जुळणी अडकली.

मागे एका मुलीचं काम आमच्याकडे आलं होतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनावाच्या शेवटी एस, आधारवर झेड. एक अक्षर. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकेना. वडिलांनी कामावर दोन खाडे केले, तिने तीन लेक्चर बुडवली, आणि मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी काम झालं. त्या घराला ती रक्कम म्हणजे वर्षाच्या पासाचा खर्च होता. म्हणून आम्हाला हा विषय किरकोळ वाटत नाही.

करायचं काय? दहावीचं मार्कशीट मूळ धरा. पुढची सगळी कागदपत्रं सहसा त्यालाच धरून मागितली जातात. आधार त्याच्याशी जुळवून घ्या. पण घाईने नको. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. 'आधी एस करू, मग बघू' असं करणाऱ्याची एक संधी फुकट जाते. किरकोळ स्पेलिंग असेल तर पुरावा घेऊन आधार केंद्रावर काम होतं. नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची नोंद करावी लागते. तिचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण वेळ लागतो. जूनमध्ये सुरू केलं तर परीक्षेच्या फॉर्मपर्यंत हातात येईल, ऑक्टोबरमध्ये सुरू केलं तर धावपळ होणारच.

नाव जुळलं की मग डिजिलॉकर. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहे, पण त्यातला एक फरक फार कमी जणांना ठाऊक असतो. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात बोर्ड किंवा सरकारी खातं स्वतः कागद पाठवतं. आपल्या राज्य मंडळाची दहावी-बारावीची मार्कशीट तिथे मिळते, आणि असा कागद कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो. दुसऱ्या कप्प्यात तुम्ही स्वतः फोटो काढून टाकता. तो नुसता फोटो. 'सर, डिजिलॉकरमध्ये आहे की!' असं म्हणून कुणी हा दुसऱ्या कप्प्यातला कागद दाखवतो आणि ऑफिसात वाद घालतो. तिथे चूक ऑफिसची नसते.

फोनवर एवढं सोपवूनही कागद जपून ठेवा, असं आम्ही का म्हणतो? दोन आठवणी सांगतो. जुलै २०१८. वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर पाणी, लोकल बंद, वीज गेलेली. ज्यांचं सगळं फोनमध्ये होतं त्यांचा फोन बंद पडला की सगळंच बंद. दुसरी २०१७ ची. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या. कल्पना चांगली होती, तयारी अपुरी होती. निकाल महिनोन् महिने लांबले, काही उत्तरपत्रिका सापडेनात, परदेशी प्रवेश मिळालेली मुलं हातात निकाल नसताना थांबून राहिली, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचं हे होऊ शकतं, तर आपण प्रत्येक हॉलतिकीट, प्रत्येक फी पावती, प्रत्येक सेमिस्टरचं मार्कशीट आपल्याकडे ठेवलेलं बरं. एक झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, एक पीडीएफ गूगल ड्राइव्हमध्ये. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते आणि कागद स्कॅन करायची सोय त्यातच आहे, वेगळं अ‍ॅप नको. फाइलला नाव मात्र नीट द्या. 'आयएमजी' आणि पुढे दहा आकडे, अशी फाइल तुम्हालाच सापडणार नाही.

शिष्यवृत्तीचा विषय निघालाच आहे तर पालकांसाठी एक गोष्ट. महाडीबीटीवर अर्ज मंजूर झाला, पैसे मात्र आले नाहीत, ही तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. आधारवर येणारे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारशी जे खातं सर्वांत शेवटी जोडलं गेलंय तिथे ते जातात. मुलाने मध्येच कुठल्याशा बँकेत मोबाइलवरून खातं उघडलं, तिथे आधार जोडलं आणि विसरला. पैसे तिकडे. बँकेत जाऊन विचारा, 'आमचं आधार सध्या कुठल्या खात्याला जोडलेलं आहे?' पाच मिनिटांचं काम आहे.

आता प्रवास. इथून रिक्षा नाही तर बसने स्टेशन, आणि वसई रोडहून चर्चगेट म्हणजे फास्ट लोकललाही तासाहून जास्त. ज्यांचं कॉलेज वसईत किंवा विरारला आहे ते नशीबवान, पण मुंबईला जाणाऱ्यांचे रोजचे तीन-चार तास रस्त्यात जातात. एम-इंडिकेटर सगळ्यांकडे असेलच, ते मुंबईतल्याच सचिन टेके यांनी बनवलेलं आहे. तिकिटासाठी रेल्वेने १ जुलै २०२५ ला रेलवन आणलं. विद्यार्थी सवलतीच्या पासासाठी मात्र कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म घ्यावा लागतो, तो पहिल्याच आठवड्यात मागा. तेव्हा रांग लहान असते.

गाडीत काय करायचं? सकाळच्या विरार लोकलमध्ये पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, हे आम्ही जाणतो. त्या वेळी ऐकायचं. स्वयम या केंद्र सरकारच्या मंचावरची व्याख्यानं घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. स्वयमचा दुसरा उपयोगही आहे. युजीसीच्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात आणि त्याचे क्रेडिट मोजले जातात. शिकणं फुकट, परीक्षेला फी. पण आधी कॉलेजला विचारा की हा कोर्स आमच्याकडे चालेल का. आधी कोर्स आणि मग परवानगी, असं केलंत तर मेहनत वाया जाण्याची भीती आहे.

परतीच्या गाडीत, मीरा रोड-भाईंदरनंतर जरा जागा होते, तेव्हा उजळणी. इथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे पिवळ्या मार्करने रंगवलेलं पान पुन्हा पुन्हा वाचणं हे मनाचं समाधान आहे. अँकी नावाचं अ‍ॅप याच तत्त्वावर चालतं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि चुकलेला प्रश्न लवकर परत येतो. अँड्रॉइडवर ते फुकट आहे. कार्डं स्वतः बनवा. दुसऱ्याची तयार कार्डं उतरवली तर अर्धा फायदा गेला, कारण प्रश्न काढताना निम्मा अभ्यास होतो. आणि अ‍ॅप नको असेल तर जुन्या वहीची पाठकोरी पानं कापून घ्या. चालतं.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, निबंधाला हात घालण्याआधी तो उघडा. पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर आहेत. अनुदानित कॉलेजांना इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टमधून हजारो ई-पुस्तकं मिळतात. त्याचा लॉगिन ग्रंथपालांकडे असतो, आणि मागायला फार कमी मुलं जातात.

एआयबद्दल विचारणार, माहीत आहे. वापरा, पण एक चाचणी घ्या. त्याला सांडोरचा इतिहास विचारा. किंवा तुमच्या आजीच्या स्वयंपाकातल्या एखाद्या पदार्थाची कृती विचारा. जे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे त्यात ते कुठे आणि किती आत्मविश्वासाने चुकतं ते बघा. मग विचार करा की जे तुम्हाला ठाऊक नाही, त्यातही ते तसंच बोलत असणार. न समजलेला धडा सोप्या मराठीत समजावून घ्यायला, स्वतःची परीक्षा घ्यायला ते चांगलं. पण संदर्भग्रंथांची यादी त्याच्याकडून घेऊ नका. नसलेली पुस्तकं खऱ्या लेखकांच्या नावावर खपवण्याची त्याला खोड आहे, आणि तोंडी परीक्षेत 'हे पुस्तक कुठे वाचलंत?' असं विचारलं की पंचाईत होते.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय. 'घरात दोन मुलं आणि एकच चांगला फोन. काय करावं?' प्रश्न रास्त आहे. डिजिलॉकरमध्ये दोघांची खाती वेगळी ठेवा, पिन वेगळा, आणि दोन्ही पिन घरातल्या वहीत लिहा. फोनला नको, वहीला सांगा. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर बंद पडू देऊ नका. आधारला जोडलेलं जुनं सिम रिचार्जअभावी बंद झालं की सगळी दारं एकदम बंद होतात. आणि शिष्यवृत्तीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल आली तर उघडू नका. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

आता चहा आहे. मागच्या टेबलावर आमच्यापैकी दोघे बसतील. ज्यांनी दहावीचं मार्कशीट आणि आधार आणलंय त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून इंग्रजीतलं नाव एकेक अक्षर वाचून घ्या. शक्यतो मोठ्याने, आणि एक कागद मुलाने वाचायचा, एक आईने. ज्यांचं जुळत नाही त्यांनी थांबा, आपण आजच पुढचं ठरवू.