जुन्या घराला जोडलेली खोली सांध्यातच का तडकते?

किनवट तालुक्यातील इस्लापूर, सहस्रकुंड या सागवानी जंगलपट्ट्यात तळ्याकाठच्या काळ्या जमिनीवर जुन्या घराला नवी खोली जोडली, की काही पावसाळ्यांनंतर नेमकी सांध्यावर उभी भेग पडते आणि दोष गवंड्याच्या माथी येतो. खरे कारण मात्र बहुधा पायाखालच्या मातीत असते.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते, ज्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे पत्त्यांच्या गड्डीसारखे एकावर एक रचलेले असून त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि उन्हाळ्यात ते आटले की ती आकसून जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तळ्याकडची बाजू ओली राहते, तर जंगलाकडचा ओलावा झाडांची मुळे शोषतात, त्यामुळे एकाच घराखालची जमीन एकीकडे उचलली जाते व दुसरीकडे खचते. शिवाय जुन्या पायाखालची माती वर्षानुवर्षांच्या भाराने दबून स्थिरावलेली असते, नव्या खोलीखालची मात्र नुकती दबू लागते. हा असमान खचाव सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे सांध्यावर, प्रकट होतो.

म्हणून दोन्ही बांधकामांत फट सोडून ती लवचिक द्रव्याने बुजवतात आणि नवा पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेतात. मुरूम फार खोल असल्यास रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगीर काँक्रीटचे खांब सुमारे ३.५ मीटर खोल, जेथे ओलावा ऋतूंनुसार फारसा बदलत नाही तेथवर, उतरवतात. खोली वाढवण्यापूर्वी खड्डा खणून मुरूम किती खोल आहे ते पाहावे. पडलेल्या भेगेवर गिलावा केल्याने जमिनीची हालचाल थांबत नाही.