घरात गेलेले तास

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या खोलीत, जायचं तर आधी शिशाचा जड एप्रन अंगावर चढवावा लागतो. टेबलावरचे गृहस्थ पन्नाशीचे असावेत. पहाटे छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला. घरच्यांना वाटलं, पित्त झालंय. सोडा-पाणी झालं, छाती चोळून झाली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत चार तास उलटले होते. ईसीजीत एसटी नावाच्या भागाची रेषा उंच चढलेली, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्याची खूण दिसताच डॉक्टरांनी अँजिओग्राफीचा निर्णय घेतला.

मनगटाजवळची जागा बधिर करून तिथल्या धमनीत सुई जाते, तिच्या वाटेने लवचिक कॅथेटर हृदयापर्यंत. रुग्ण पूर्ण जागा असतो. डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडताच पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या काळ्या फांद्यांसारख्या उमटतात. या गृहस्थांची पुढची मोठी फांदी मध्येच संपलेली होती. तिथे चरबीचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली होती. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वायर डॉक्टरांनी बोटांत फिरवत गुठळीपलीकडे नेली. तिच्यावरून फुगा गेला, मग स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी. पुन्हा डाय सोडला, तेव्हा फांदी टोकापर्यंत भरली. "दुखायचं थांबलं," गृहस्थ म्हणाले.

1977 साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. आज रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांत रक्तवाहिनी उघडावी, असा दंडक आहे. कॅथलॅब जवळ नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन रुग्णाला पुढे पाठवतात. रुग्णालयात मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतात. घरात गेलेले तास मात्र कुणाच्याच हिशेबात नसतात. रक्ताविना मेलेला हृदयाचा स्नायू स्टेंटने पुन्हा जिवंत होत नाही.

म्हणून छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, धाप यांपैकी काहीही अचानक सुरू झालं, तर पित्त म्हणून वाट पाहू नका. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती न दुखताही नुसता थकवा, मळमळ किंवा धाप लागून झटका येऊ शकतो. रुग्णाला चालवू नका, गाडी चालवू देऊ नका. 108 ला फोन करा. ईसीजी निघाल्याशिवाय घरी परतू नका. पहिला ठीक आला आणि त्रास चालूच असला, तर पुन्हा काढायला सांगा. आणि झटका येण्याची वाट न पाहता तंबाखू-सिगारेट आजच सोडा, बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, सुरू केलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.