भरती एका मिनिटात

कमी पैशांत लघुपट कसा करावा, हे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ सालीच दाखवून दिलं. कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर आणली. नट नाहीत, सेट नाही. त्या चिमुकल्या पटाने ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवून दिलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

न्हावा शेवा बंदराजवळ हीच युक्ती समुद्राच्या भरतीवर वापरता येईल. बंदराच्या आवारात परवानगीशिवाय चित्रीकरण चालत नाही. म्हणून बाहेर, खाडीकाठच्या खारफुटीसमोर ट्रायपॉडवर मोबाइल लावा. दर १५ सेकंदांनी एक फोटो, म्हणजे सहा तासांत १,४४०. सेकंदाला २४ या वेगाने ते बरोबर एक मिनिट चालतात. फोकस आणि एक्सपोजर आधीच लॉक करा, पॉवर बँक जोडा, आणि फोन जराही हलू देऊ नका.